धान्य थोडे कमी, डाळ थोडी जास्त : नागपूरच्या घरात पौष्टिक आणि निसर्गाला झेपेल असे ताट कसे मांडावे

आहारात काहीही बदल करण्यापूर्वी आठवडाभर घरात शिजणारे धान्य, डाळ, भाजी आणि तेल वजन करून वहीत लिहून ठेवावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात साधारण २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम तेलबिया व सुकामेवा, २७ ग्रॅम तेल-तूप आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही असावे. धान्य आणि डाळ यांची वजने कच्च्या मालाची आहेत. आमच्या घरी हा हिशेब मांडला तेव्हा पोळी-भाताचे प्रमाण बरेच जास्त आणि वरणाची डाळ निम्म्याहूनही कमी निघाली.

म्हणून पहिला बदल डाळीचा करावा. तूर, मूग, हरभरा आणि वाल यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात, त्यामुळे या पिकांना रासायनिक नत्रखत फार थोडे लागते. याउलट, पाणी साचवून ठेवलेल्या धानाच्या बांधीतून मिथेन हा तापमानवाढ करणारा वायू बाहेर पडतो. भंडारा-गोंदियाचा तांदूळ आपल्या शेजारचाच आहे आणि तो वर्ज्य करण्याचे काही कारण नाही. मात्र भाताचा एक वाढा कमी करून तेवढे घट्ट वरण, बेसनाच्या पातोडीचा रस्सा किंवा गोळाभातातले डाळीचे गोळे वाढवले, तर शरीर आणि शेती या दोहोंचा लाभ होतो. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ल्यास प्रथिनांची गुणवत्ता वाढते. कडधान्ये रात्रभर भिजवावीत, जमल्यास त्यांना मोड आणावेत आणि कुकरमध्ये शिजवावीत. यामुळे गॅस वाचतो आणि लोह व जस्त यांचे शोषण रोखणारे फायटेटही कमी होते.

दुसरा बदल ज्वारीचा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. विदर्भात कापूस आणि सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, आणि आपल्या ताटातूनही भाकर मागे पडली. हे पीक कमी पाण्यात तग धरते, त्याचा कडबा जनावरांना उपयोगी पडतो आणि दाण्यात चोथा भरपूर असतो. एकदम पूर्ण बदल करू नये. आधी आठवड्यातून तीन रात्री पोळीऐवजी भाकर करावी. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे पीठ थंड पाण्यात नीट मळले जात नाही, म्हणून उकळत्या पाण्यात भिजवून, थोडे निवल्यावर तळहाताने चांगले रगडावे. जुन्या पिठाच्या भाकरीला चिरा पडतात, त्यामुळे आठ-दहा दिवस पुरेल एवढेच दळून आणावे.

भाकरीसोबत जवसाची चटणी असावी. जवसाच्या तेलाचा सुमारे निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३, असतो. अख्खा दाणा बहुधा न पचताच बाहेर पडतो, म्हणून जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून लसूण, जिरे, सुकी लाल मिरची आणि मीठ घालून कुटावा. कुटलेला जवस लवकर खवट होतो; चटणी एका आठवड्यापुरतीच करावी. आयात केलेल्या महागड्या बियांपेक्षा मी जवसालाच पसंती देईन.

भाजी घेताना ऋतू पाहावा. पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पाने आणि नंतर काटवल बाजारात येते. हिवाळ्यात तुरीचे सोले, वालाच्या शेंगा, मेथी, पालक आणि सांभार (कोथिंबीर) स्वस्त असतो. उन्हाळ्यात चिवळीची भाजी आणि कोहळे मिळते. महालातल्या बुधवार बाजारात किंवा कॉटन मार्केटमध्ये काय ढिगाने आले आहे, हे आधी पाहावे आणि मग स्वयंपाक ठरवावा. भरपूर मिळते तेव्हा मुंगवड्या आणि वांग्याच्या खुला, म्हणजे फोडी, वाळवून ठेवाव्यात, कारण नागपूरच्या उन्हाइतके स्वस्त वाळवणयंत्र दुसरे नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येतात. त्या दिवसांत फळ अख्खे खावे, रस काढू नये. पालेभाजी आणि डाळीच्या जेवणासोबत संत्रे किंवा लिंबू घेतल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र जेवणानंतर तासभर टाळावा.

मांसाहार करणाऱ्यांनी मटणाचे प्रमाण कमी करावे, कारण शेळ्या-मेंढ्या रवंथ करताना मिथेन सोडतात. सावजी रस्सा आवडत असेल तर तो महिन्यातून एखाद्या रविवारी करावा आणि एरवी अंडी किंवा स्थानिक तलावांतील मासळी घ्यावी.

सावजी रश्श्यावरून तर्रीचा, म्हणजे वर तरंगणाऱ्या तेलाचा, विषय निघाला म्हणून तेलाचे गणित सांगतो. दर माणशी रोज २७ ग्रॅम धरले, तर चौघांच्या घराला तेल-तूप मिळून महिन्याला सुमारे साडेतीन लिटर पुरे. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढेच तेल वेगळ्या डब्यात काढावे आणि तूप वापरत असाल तर त्याचे माप त्यातून वजा करावे. डबा लवकर रिकामा झाला तर तळणाचे दिवस कमी करावेत.

शेवटी उरलेल्या अन्नाकडे वळावे. भांडेवाडीच्या कचराभूमीत गेलेले ओले अन्न हवा न मिळाल्याने कुजते आणि त्यातूनही मिथेन निघतो. रात्रीच्या वरणात सकाळी ज्वारीचे पीठ आणि कांदा घालून धिरडी करावीत, शिळ्या भाकरीचा कुस्करा करावा. सालींसाठी तळाशी छिद्रे असलेली मातीची कुंडी ठेवून प्रत्येक थरावर दुप्पट वाळलेली पाने टाकावीत, आठवड्यातून एकदा खालीवर करावे आणि साधारण तीन महिन्यांनी खत काळे व भुसभुशीत झाले की त्यात धणे पेरून टाकावेत.