इटालियनमधलं 'मीका' नेमकं कुठे टाकायचं

'मीका' म्हणजे 'अजिबात' असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं, ते आधी डोक्यातून काढून टाका. अजिबातसाठी 'आफ्फात्तो' आहे, 'पेर निएन्ते' आहे. मीका म्हणजे आपण 'मी काही वेडा नाहीये' म्हणतो त्यातलं 'काही'.

आधी साधं नकारार्थी वाक्य करा, 'नॉन सोनो शेमो', मी वेडा नाही. मग क्रियापदाच्या लगेच मागे मीका, 'नॉन सोनो मीका शेमो'. भूतकाळात ते दोन क्रियापदांच्या मधे जातं, 'नॉन लो मीका विस्तो', मी काही त्याला पाहिलं नाही. झालं व्याकरण.

खरी गोची पुढे आहे. समोरच्याच्या मनात उलटं काहीतरी आहे असं वाटल्याशिवाय मीका वापरायचंच नाही. ऐन जुलैत मित्र जाकीट चढवतोय, तेव्हा 'नॉन फा मीका फ्रेद्दो' एकदम फिट, अरे थंडी काही नाहीये. पण कुणी नुसतं विचारलं की बाहेर हवा कशी आहे आणि तुम्ही हेच वाक्य फेकलंत, तर तो बघतच राहणार, थंडी आहे असं म्हणालं कोण? आणि 'नॉन ए मीका कोल्पा मीआ', माझी काही चूक नाहीये, हे साहेबासमोर नको, इटालियनमध्येही ते तितकंच फणकाऱ्याचं वाटतं.

आपलं 'काही' मात्र दोन कामं करतं, तिथे सांभाळा. 'मी काही खाल्लं नाही' यात 'काही'च्या जागी 'काहीच' घालून बघा, वाक्य चालतंय ना? मग तिथे 'निएन्ते' लागणार, 'नॉन ओ मांजातो निएन्ते'. 'मी काहीच वेडा नाही' असं कुणी म्हणत नाही, म्हणून तिथे मीका. मला तरी यापेक्षा सोपी कसोटी सापडलेली नाही, याद्या पाठ करत बसू नका.

प्रश्नात ते उलट नरम होतं. 'नॉन आई मीका उना पेन्ना?' म्हणजे पेन असेल का रे तुझ्याकडे, नसलं तरी चालेल अशा सुरात.

'मीका माले' तसंच्या तसं उचला, काही वाईट नाही, म्हणजे बऱ्यापैकी कौतुकच. मीका पुढे आलं की 'नॉन' गळतं, 'मीका सोनो शेमो!' मिलानच्या बोलीत तर याचाच भाऊ 'मिंगा' क्रियापदामागे बसून एकटाच नकार देतो, 'नॉन' लागतच नाही (मूळ लॅटिन मीका म्हणजे कण, चुरा).

अर्जात, ऑफिसच्या मेलमध्ये मीका नको, तिथे आफ्फात्तो.