खुराडं मोडल्यावर पहिल्या तीन रात्री या चुका टाळा

वळवाचं पहिलं वावधान सुटलं की कुणाचं तरी खुराडं उडतं आणि मला फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, पत्रे गेले." कोंबड्या किती राहिल्या हे तिसऱ्या-चौथ्या वाक्यात. दोन दिवसांनी त्याच माणसाचा पुन्हा फोन येतो, तेव्हा पत्र्यांचं नावही निघत नाही. कोंबड्या निम्म्या झालेल्या असतात.

मी परभणी जिल्ह्यात शेतातल्या आखाड्यावर दीडशे-दोनशे गावरान आणि गिरिराज या सुधारित जातीच्या कोंबड्या पाळतो. माझं शेड आजवर तीनदा मोडलं. वाऱ्यानं आणि पत्र्याखाली मेलेल्या कोंबड्या बोटावर मोजता येतील. बाकीच्या नंतरच्या तीन रात्रीत गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच शहाणपणानं.

छपराकडं बघत बसणे

शेड पडलं की माणूस आधी वर बघतो. आभाळ दिसतं, उडालेला पत्रा दिसतो, आणि सगळा जीव त्या पत्र्यात अडकतो. दिवसाची घार सोडली तर कोंबडीचा वैरी सहसा वरून येत नाही, तो बुडातून येतो.

माझीच गोष्ट सांगतो. मे महिना, संध्याकाळचे साडेपाच. चौदापैकी नऊ पत्रे गेले, त्यातला एक शेजाऱ्याच्या लिंबात जाऊन अडकला. मी आणि सालगडी दिवस मावळेपर्यंत ताडपत्री ताणत होतो. दोऱ्या आवळल्या, वर जुने टायर टाकले. काम असं चोख झालं की मी फोटो काढून सोयऱ्यांना पाठवला. आई तेवढ्यात म्हणाली, "बुडाकडं बघितलंस का रे?" मी म्हणालो, "सकाळी बघतो." हे 'सकाळी बघतो' मला तेवीस कोंबड्यांना पडलं.

झालं असं होतं की उत्तरेच्या कोपऱ्याचा खांब वाऱ्यानं हलला होता आणि त्याच्याबरोबर जाळी जमिनीपासून चार बोटं उचलली गेली होती. मुंगसाला तेवढी वाट भरपूर होते. मुंगूस रात्री फिरत नाही, फटफटलं की निघतं. मी तिकडं चुलीपाशी चहा पीत होतो. आत गेलो तेव्हा कोंबड्या ओळीनं पडल्या होत्या. प्रत्येकीच्या मानेवर, डोक्याच्या जरा खाली, एकच चावा आणि रक्ताचा एवढासा ठिपका. खाल्ली होती एकच, तीही अर्धी. कोंडलेल्या कोंबड्यांना पळायला जागा नसते, त्या फडफडत राहतात आणि मुंगूस मारत सुटतं. भूक किती आहे याचा तिथं संबंध नसतो.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. अंधार पडला की शेडच्या आत मधोमध बॅटरी लावून ठेवतो आणि बाहेरून उकिडवं बसून बुडाबुडानं फिरतो. जिथून उजेड बाहेर येतो तिथून काहीतरी आत जाणार. फट दिसली की बोटं घालून बघायची. तीन बोटं सहज गेली तर मुंगसाची वाट, एकच गेलं तर सापाची आणि उंदराची. दोन्ही बुजवायच्या, आणि त्याच रात्री. मातीनं नाही, माती उकरली जाते. दगड, विटा, फरशीचा तुकडा, काही नसेल तर खताच्या पोत्यात मुरूम भरून ते आडवं टाकायचं. ताडपत्री राहिली तर राहू द्या. एक रात्र अर्ध्या छपराखाली बसून कोंबडी सहसा मरत नाही.

पक्की दुरुस्ती सावकाश करा, पण करताना वेल्ड जाळी अर्ध्या इंचाची घ्या, निदान खालचे दोन फूट तरी. आणि ती जमिनीत फूटभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवा. स्वस्तातली षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दात लावून ओढली की उसवते. हिरवं शेडनेट लावून "तात्पुरतं केलंय" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. ते सावलीसाठी असतं. तसंच ते प्लास्टिकचे झिप टाय. आपल्याकडच्या उन्हात एका उन्हाळ्यात तडकतात. बाइंडिंग तार आणि पक्कड घ्या, बोटं सोलली तरी चालतील.

उरल्यासुरल्या सगळ्या एका खोलीत कोंबणे

ही चूक जास्त करून नवी माणसं करतात आणि प्रेमापोटी करतात, म्हणून बोलताही येत नाही. माझा भाचा शहरातली नोकरी सोडून गावी आला, मोबाइलवर व्हिडिओ बघून अडीचशे गिरिराज तलंगा आणल्या. मी म्हणालो होतो पन्नास आण. नाही ऐकलं. त्याचं शेड असंच एका संध्याकाळी आडवं झालं. त्यानं भिजलेल्या सगळ्या तलंगा गोळा केल्या आणि खत-बियाणाच्या दहा बाय बाराच्या खोलीत घातल्या. वर पत्रा, एकच खिडकी. तीही लावून घेतली. सकाळी सहाला फोन. "मामा, गार वारं लागंल म्हणून खिडकी लावली होती." पुढं त्याला बोलता येईना.

गेलो तर डाव्या कोपऱ्यात कमरेएवढा ढीग. वरच्या उचलून बाजूला केल्या तर खालच्या अजून गरम होत्या, चपट्या झालेल्या, तुरे काळेनिळे. सत्तरच्या वर गेल्या. एकीलाही जखम नव्हती.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळात ४१ अंशांच्या आसपास गरम, आणि ती उष्णता काढायची तर चोच उघडून धापा टाकायच्या. त्यासाठी हलतं वारं लागतं. बंद खोलीत भिजलेल्या पिसांची वाफ, वरून मे महिन्यात दिवसभर तापलेल्या भिंती. त्यात अनोळखी अंधार. कोंबडीला अंधारात दिसत नाही, भ्यायली की ती दुसरीच्या अंगाला चिकटते, दुसरी तिसरीच्या, आणि सगळ्या मिळून कोपऱ्याकडं रेटतात. मग एकीवर एक चढतात. वरचीला कळतही नाही की खाली कुणी आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे कोपरे मारा. तुराट्यांची पेंढी, कडब्याची पेंढी, पोतं, जे असेल ते कोपऱ्यात तिरकं उभं करा म्हणजे ढीग व्हायला जागाच राहत नाही. पंचवीस-तीसच्या टोळ्या करा. एक डालं, गोठ्याचा एक कप्पा, जाळी लावलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, ओसरीवर खाट आडवी करून केलेला आडोसा, असं वाटून टाका. कोंबडीमागे निदान एक चौरस फूट, मोठ्या पक्ष्याला दीड. दाराला जाळी, दार उघडं. एक मंद दिवा रात्रभर. वीज गेलेली असणारच, मग कंदील उंचावर, तुसापासून लांब टांगा. आणि दोन तास झाले की उठून एक चक्कर. हे शेवटचं कुणी करत नाही.

आपल्या जुन्या गावरान कोंबड्या लिंबावर जाऊन बसल्या असतील तर ओढून खाली काढू नका. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

दुसऱ्याच दिवशी मोकळं सोडणे

तात्पुरती जागा केली, सकाळी दार उघडलं, कोंबड्या वावरात गेल्या. संध्याकाळी बघाल तर सगळ्या जुन्या खुराड्याच्या ढिगाऱ्यावर येऊन बसलेल्या. कोंबडी झोपायच्या जागेला पक्की असते. नव्या जागी चार-पाच दिवस कोंडूनच दाणापाणी करा, मग दिवस मावळायच्या तासभर आधी सोडा. आणि कोंबड्या हलवायच्या असतील तर रात्री अंधारात, न बोलता, दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून धरून. दिवसा पाठलाग करणारा माणूस कोंबडीही दमवतो आणि स्वतःही.

अंदाजानं औषध

वादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानातून कसलीतरी पिवळी भुकटी आणून पाण्यात टाकणारे मला दरवर्षी भेटतात. कशासाठी विचारलं तर "असू द्या." भ्यायलेल्या कोंबडीला पहिले दोन दिवस स्वच्छ पाणी आणि इलेक्ट्रोलाइट पुरे, नसेल तर गुळाचं पातळ पाणी चालतं. लसही लगेच देऊ नका, दमलेल्या पक्ष्याला ती नीट लागत नाही. शिवाय मानमोडी रोगावरच्या लासोटा लसीची कुपी फ्रिजमधली असली आणि गावात दोन दिवस वीज नसली तर ती लस फेकून द्या. थंड केलेलं मेलेलं पाणी ते. मानमोडी आली की मग "लस दिली होती की" म्हणत बसायचं.

मात्र रोज मरतुक वाढत असेल, माना वाकड्या होत असतील, तोंडं सुजत असतील तर वादळाचा ताण म्हणून गप्प बसू नका. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, १९६२ वर फोन करा. मेलेली कोंबडी नाल्यात टाकायची नाही. खोल खड्डा, चुना, वर माती. नाहीतर त्या वासानं कुत्री येतात आणि पुढच्या रात्री तुमच्याच शेडवर.

बाकीच्या चुका उभ्या उभ्या सांगतो. ओलं तूस तसंच ठेवून वर कोरडं पसरू नका. अमोनियानं डोळे जातात आणि आठवड्यात रक्ती हगवण लागते. भिजलेलं खाद्य वाळवून घालू नका, बुरशीचं खाद्य कोंबडीला विषच. उरलेल्या दोन शेडच्या कोंबड्या एकत्र केल्या तर त्या एकमेकींची पिसं उपटतील, तयारी ठेवा. पडलेले खिळे आणि तारेचे तुकडे कोंबडी चकाकतात म्हणून गिळते. मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून अंगणभर ओढतो, पहिल्या वेळी मूठभर निघाले होते.

आणि आवराआवर करण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला कळवा, पंचनामा होऊ द्या. आपत्तीच्या मदतीच्या केंद्र सरकारच्या २०२२-२६ च्या निकषात कोंबडीमागे १०० रुपये आणि एका कुटुंबाला फार तर १०,००० रुपये होते. थोडेच, पण पुरलेल्या कोंबडीचा पंचनामा होत नाही.

शेवटी अंड्यांचं. घाबरलेली कोंबडी अंडी थांबवते किंवा मऊ कवचाची घालते. चौथ्या दिवशी मोटारसायकलला पिंजरा बांधलेला व्यापारी दारात उभा राहतो आणि निम्म्या भावात मागतो. त्याला कुणी सांगितलेलं असतं कोण जाणे. भाच्यानं उरलेल्यातल्या चाळीस तशाच देऊन टाकल्या. माझ्याकडं तिसऱ्या आठवड्यात अंडी परत सुरू झाली, तोवर खाद्य तेवढंच ठेवलं आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या डब्यात भरून टांगला.