गृहकर्जाचे पैसे ऐनवेळी अडकले तर काय करावे? पुण्यातील घरखरेदीदारांसाठी मार्गदर्शन

साठेखताची (घराच्या खरेदी-विक्रीच्या कराराची) नोंदणी झालेली असते, विक्रेत्याने सामान बांधायला घेतलेले असते, टेम्पोवाल्याला दिवस दिलेला असतो आणि नेमके त्याच आठवड्यात बँकेतून कळते की फाइल पुन्हा वकिलाकडे गेली आहे. काही वर्षांपूर्वी कोथरूडमध्ये जुना फ्लॅट घेताना आमच्यावर ही वेळ आली होती. मंजुरीपत्र हातात होते, त्यामुळे पैसे मिळाल्यासारखेच आहेत, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मंजुरीपत्र बहुतेक वेळा कर्जदाराचे उत्पन्न आणि परतफेडीची क्षमता पाहून दिले जाते. घराच्या कागदपत्रांची आणि किमतीची तपासणी त्यानंतर होते आणि फाइल अडकते ती सहसा तिथेच.

म्हणून सर्वांत आधी फाइल कोणत्या टेबलावर आणि कोणत्या कागदासाठी थांबली आहे, हे शोधावे. कर्ज मिळवून देणारा एजंट 'उद्या होईल' असे सांगत राहतो, पण अनेकदा त्यालाही आतली स्थिती माहीत नसते. मोठ्या बँकांमध्ये शाखा फक्त कागद गोळा करते आणि निर्णय गृहकर्जाच्या वेगळ्या केंद्रात होतो. त्या केंद्रातील अधिकाऱ्याचे नाव व ई-मेल घ्यावा आणि 'वितरणासाठी कोणकोणत्या बाबी बाकी आहेत, त्यांची संपूर्ण यादी कळवावी' असे लेखी विचारावे. 'संपूर्ण' हा शब्द जाणीवपूर्वक वापरावा. आज एक कागद, चार दिवसांनी दुसरा, आठवड्याने तिसरा अशा मागण्यांतच बहुतेकांचे पंधरा दिवस जातात.

मालकीच्या कागदांची साखळी

कोथरूड, सहकारनगर, सिंहगड रस्ता अशा भागांतील जुने फ्लॅट दोन-तीनदा विकले गेलेले असतात. बँकेच्या वकिलाला बिल्डरच्या पहिल्या करारनाम्यापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची सर्व साखळी मूळ प्रतींसह हवी असते. आमच्या व्यवहारात मधला एक करारनामा विक्रेत्या काकांच्या घरबदलात हरवला होता आणि ते आम्हाला नोंदणीनंतर कळले. असे झाल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची प्रमाणित प्रत काढावी, हरवल्याची तक्रार पोलिसांत नोंदवावी, वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी आणि हरकतीची मुदत संपल्यावर तसे प्रमाणपत्र वकिलाकडून घ्यावे. जाहीर सूचनेची मुदत कोणाच्याही ओळखीने कमी होत नाही, त्यामुळे ती सूचना पहिल्याच दिवशी द्यावी आणि बाकीची कामे त्या काळात उरकावीत. जाहिरातीचा मसुदा आधी बँकेच्या वकिलाला दाखवून घ्यावा, नाहीतर शब्दरचनेवरून ती पुन्हा द्यायला लावतात.

सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, पूर्णत्वाचा दाखला आणि मिळकतकराची ताजी पावती हे कागद तुलनेने लवकर मिळतात. मात्र सोसायटीचे सचिव गावाला गेले म्हणून व्यवहार आठवडाभर रखडलेले मी पाहिले आहेत.

मूल्यांकन कमी आले तर

हा धक्का मोठा असतो, कारण तो थेट पैशांचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावरील कर्जाला ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. समजा, ८० लाखांचा फ्लॅट आहे आणि ६४ लाखांचे कर्ज गृहीत धरले आहे. बँकेच्या मूल्यांककाने किंमत ७६ लाख ठरवली, तर कर्ज ६० लाख ८० हजारांवर येते आणि ३ लाख २० हजार रुपये ऐनवेळी स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क (केवळ स्त्रीच्या नावे खरेदी असल्यास १ टक्का सवलत) आणि जास्तीत जास्त ३०,००० रुपये नोंदणी फी हा खर्च त्याशिवाय असतो. अशा किमतीच्या घराला तो कर्जाच्या हिशेबात धरला जात नाही.

मूल्यांककाने क्षेत्रफळ किंवा पार्किंग चुकीचे धरले असेल, तर इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील दस्ताचा उतारा) आणि मंजूर नकाशा जोडून फेरमूल्यांकन मागावे. तरीही तूट राहिली, तर मुदत ठेव मोडण्याआधी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून उचल) मिळतो का ते पाहावे. नातेवाइकांकडून उसने घ्यायचे असल्यास बँक खात्यातूनच घ्यावे, कारण २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेणे प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही. वैयक्तिक कर्ज मात्र वितरणापूर्वी कधीही काढू नये. बँक पैसे सोडण्याआधी सिबिल अहवाल (तुमच्या कर्जांची नोंद) पुन्हा तपासू शकते आणि नवा हप्ता दिसला की मंजूर रक्कमही कमी होऊ शकते. नोकरी बदलणे किंवा हप्त्यांवर मोठी खरेदी करणे हेदेखील पैसे मिळेपर्यंत पुढे ढकलावे.

विक्रेत्याचे जुने कर्ज

विक्रेत्याच्या घरावर कर्ज असेल, तर तुमची बँक ते फेडते आणि मूळ कागद त्याच्या बँकेकडून घेते. त्यासाठी थकबाकीचे पत्र आणि त्या बँकेकडे असलेल्या कागदांची यादी लागते. थकबाकीच्या पत्राला ठरावीक तारखेपर्यंतच किंमत असते. तुमच्या फाइलला उशीर झाला की ते नव्याने काढावे लागते. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करणे आणि घरावरचा बोजा उतरवणे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केले आहे आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. ही भरपाई मागण्याचा हक्क विक्रेत्याचा असल्याने पत्र त्याच्याच सहीने जायला हवे.

विक्रेत्याला कसे सांभाळावे

माझ्या मते, बँकेइतकेच लक्ष इथे द्यावे लागते. विक्रेत्याने पुढचे घर पाहिलेले असते, त्याचाही विसार अडकलेला असतो. विलंबाची बातमी त्याला दलालाकडून कळण्याआधी आपण स्वतः जाऊन सांगावी, बँकेचा ई-मेल दाखवावा आणि नवी तारीख आपल्या अंदाजापेक्षा आठवडाभर पुढची द्यावी. आम्ही काकांना दर शनिवारी फोन करून काय झाले ते सांगत असू. काही घडले नसेल तर तेही सांगत असू. त्यांनी मुदतवाढ दिली याचे मोठे कारण हे फोन होते.

मात्र तोंडी मुदतवाढीवर विसंबू नये. साठेखतातील पैसे देण्याची मुदत संपण्याआधीच नवी तारीख, दिलेली रक्कम आणि विलंबाचे कारण नमूद करून दोघांच्या सह्यांचे पत्र करावे; मोठा बदल असेल, तर वकिलाला विचारून पुरवणी करारनामा करावा. ज्यांची फक्त विसार पावती झाली आहे, त्यांनी साठेखतातच 'बँकेकडून विलंब झाल्यास अमुक दिवसांची वाढीव मुदत' हे कलम घालून घ्यावे. साठेखतावर सह्या झाल्या, पण नोंदणी राहिली असेल, तर सहीपासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो, हेही लक्षात ठेवावे. राहत्या भाड्याच्या घराची नोटीस पैसे वितरित होईपर्यंत देऊ नये.

नव्या प्रकल्पात बिल्डरला द्यायचा हप्ता चुकला, तर महाराष्ट्रातील रेरा (स्थावर मालमत्ता कायदा) नियमांनुसार स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरापेक्षा (बँकेच्या कर्जाच्या आधारभूत व्याजदरापेक्षा) २ टक्के अधिक व्याज लागते. आदर्श करारनाम्यानुसार करार रद्द करण्याआधी बिल्डरने १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या मुदतीत बँकेचे पत्र जोडून उत्तर द्यावे.

बँक बदलावी का?

आक्षेप मालकीच्या दोषाचा असेल, तर दुसऱ्या बँकेच्या वकिलालाही तो दिसेल. तेव्हा बँक बदलून फक्त वेळ आणि प्रक्रिया शुल्क जाते. आक्षेप त्या बँकेच्या स्वतःच्या धोरणाचा असेल, उदाहरणार्थ इमारतीचे वय, तरच दुसरीकडे अर्ज करावा आणि पहिली फाइल तोवर बंद करू नये. नुसतीच चालढकल होत असेल, तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तुमच्या तारखेआधी निकाल येईलच असे नाही, पण लेखी तक्रार गेल्यावर फाइल वरिष्ठांच्या नजरेखाली येते.

पैसे मिळतात त्या दिवशी

दिवस ठरवताना दुसरा-चौथा शनिवार, मार्चअखेर आणि सणांच्या सुट्ट्या पाहाव्यात. ५० लाख किंवा अधिक किमतीच्या घरावर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून कापायचा कर) आपणच भरायचा असतो आणि त्याचे चलन बँक मागू शकते, म्हणून ते आधी तयार ठेवावे. बँकेने डीडी आधीच काढून ठेवला आणि विक्रेत्याला उशिरा दिला, तर मधल्या दिवसांचे व्याज लागले आहे का ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार असे व्याज आकारता येत नाही आणि आकारले असल्यास परत मागता येते. कागद गहाण ठेवल्यापासून ३० दिवसांत त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी आणि तिची पावती कर्जाच्या फाइलमध्ये लावावी.