विशेष शिक्षक व्हायचंय? साक्री तालुक्यातल्या एका शिष्यवृत्तीधारक मुलीचा अनुभव

बारावीनंतर विशेष शिक्षणाचा डिप्लोमा करायचं मनात असलेल्या खान्देशातल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. आमची कोरडवाहू शेती. शिष्यवृत्ती नसती तर माझं शिक्षण बारावीलाच थांबलं असतं.

फी भरण्याआधी एवढं नक्की बघा, की त्या कॉलेजच्या त्या कोर्सला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता आहे का. १९९२ च्या कायद्याप्रमाणे परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही, आणि मान्यता नसलेल्या कोर्सवर नोंदणी मिळत नाही. डिप्लोमा दोन वर्षांचा. बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष अशा वेगवेगळ्या शाखा आहेत. मी पहिली घेतली.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या वेबसाइटवर भरायचा. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरायचं नाही. पैसे उशिरा येतात, तोवरचा खर्च घरी आधीच बोलून ठेवा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर बाहेर राहण्या-जेवण्याच्या खर्चाला मदत करणाऱ्या योजना आहेत: अनुसूचित जातीच्या मुलांनी स्वाधार आणि आदिवासी मुलांनी स्वयम् योजनेची चौकशी जरूर करावी.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. मुलाची तपासणी त्याच्या घरच्या बोलीत करा. सरावाच्या वर्गात एक लहान मुलगा होता, त्याच्या कागदावर ‘सूचना समजत नाहीत’ असा शेरा. ‘इकडे ये’ म्हटलं की नुसता बघत राहायचा. त्याची आजी म्हणायची तसं अहिराणीत ‘आठे ये’ म्हटलं की लगेच उठून यायचा. त्याला बौद्धिक अक्षमता होती हे खरंच, पण कागदावर दिसायचं त्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त कळत होतं. पुस्तकी मराठीत चाचणी घेतली की मुलाची अक्षमता आणि ती भाषा कानावर न पडलेली असणं, दोन्ही एकाच गुणांकात मिसळतं. मग त्यावरून केलेला वैयक्तिक शैक्षणिक आराखडाही, म्हणजे त्या एका मुलाला काय आणि कसं शिकवायचं याची योजनाही, चुकते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे हीच गोष्ट भिली आणि पावरी या आदिवासी बोलींची. वर्गात अहिराणी बोलायची लाज वाटणाऱ्या मैत्रिणींना मी हेच सांगते, की बाहेरून आलेल्या शिक्षकाला शिकायला वर्षं लागतील ते तुमच्याकडे जन्मापासून आहे.

शिकवण्याची एक पद्धत मला फार आवडली, शेवटच्या पायरीपासून शिकवायची. शर्ट घालायला शिकवताना बाही, कॉलर, वरची बटणं आपण लावायची आणि फक्त शेवटचं बटण मुलाकडे सोडायचं. काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. ते जमलं की शेवटची दोन. आयांना हे एकदा करून दाखवलं की कापूस वेचून आल्यावरही त्या घरी करतात. नाहीतर वेळ नाही म्हणून सगळी बटणं त्याच लावून देत असतात.

कागदपत्रांची मदत हाही आपल्या कामाचाच भाग समजा. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, हे नंदुरबार-धुळ्यात काम करणाऱ्याला माहीत असायलाच हवं. असं मूल वरून धडधाकट दिसतं, पण अंगदुखीचा झटका आला की शाळा बुडते. त्याला आळशी म्हणू नका. पाणी वारंवार प्यायला द्या, थंडीत अंगावर ऊब राहील असं बघा आणि उन्हात पळवू नका. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर पालकांबरोबर जिल्हा रुग्णालयात जा, अपंगत्व तपासणीचा वार आधी विचारून घ्या. धडगावहून नंदुरबारला यायचं म्हणजे आईबापाची दिवसाची मजुरी बुडते.

प्रवेशाआधी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात (शिक्षण विभागाचं तालुक्यातलं केंद्र) जाऊन तिथल्या विशेष शिक्षकांना भेटा. अंथरुणाला खिळलेल्या मुलांना शिकवायला ते घरी जातात. परवानगी मिळाली तर त्यांच्याबरोबर एका घरी जाऊन बसा आणि मगच अर्ज भरा.