बिजागरीचे पैसे : उलटा होणारा लॅपटॉप घेण्याआधीची तयारी

लॅपटॉप बघायला पेठेत जाण्याआधी आठ दिवस एक छोटी वही खिशात ठेवा. दिवसभरात जेव्हा वाटेल, ‘आत्ता ही स्क्रीन फिरवून समोरच्याला दाखवता आली असती’, किंवा ‘इथं पेनानं खूण करता आली असती’, तेव्हा वहीत एक रेघ ओढा. आठ दिवसांनी रेघा मोजा. पाचसहाच निघाल्या तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. चांगला साधा लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या पैशात घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बदला. कन्व्हर्टिबल म्हणजे स्क्रीन 360 अंशांत मागे वळणारा लॅपटॉप. त्यातल्या प्रोसेसरचे आणि मेमरीचे पैसे आपण साध्या लॅपटॉपलाही दिलेच असते. वर जातात ते बिजागरीचे, टचच्या काचेचे आणि पेनाचे. वरच्या दर्जाचं यंत्र सव्वा लाखापासून दोन लाखांपर्यंत जातं, तेव्हा ही बिजागरी दिवसातून किती वेळा वळणार, हे घरूनच ठरवून निघावं.

माझ्या वहीत 41 रेघा निघाल्या. माझं काम बेळगावात कागदपत्रांच्या भाषांतराचं. खानापूर, जांबोटी, नंदगडकडची माणसं पहाणीचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, नोटीस, वाटणीचा जुना दस्त घेऊन येतात. कागद कन्नड, माणूस मराठी. टेबलापलीकडे बसलेल्या आजोबांना एखादी ओळ दाखवायची तर एकतर मी उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहतो, नाहीतर ते खुर्ची फरफटत माझ्याकडे येतात. लॅपटॉप तंबूसारखा उभा केला की स्क्रीन थेट त्यांच्यासमोर. पेनानं सर्वे नंबराभोवती गोल काढला की त्यांच्या चेहऱ्यावर लगेच कळतं, नंबर बरोबर आहे की भावकीतल्या दुसऱ्या कुणाचा. एक मात्र आधी कुणी सांगितलं नव्हतं. ‘ह्योच न्हवं का नंबर?’ म्हणून आजोबा स्क्रीनवर बोट टेकवतात आणि पान सर्रकन तिसरीकडेच जातं. म्हणून पानं वाचायचं जे सॉफ्टवेअर वापरता, त्यात पान जागेवर बांधून ठेवायची किंवा फक्त पेनच चालेल अशी सोय आहे का, ते घेण्याआधी बघून ठेवा.

माझ्या भाच्याच्या वहीत दोन रेघा होत्या, त्यातली एक सिनेमा बघताना ओढलेली. इंजिनिअरिंगच्या पोराला चांगला कीबोर्ड आणि भरपूर मेमरी लागते. त्याला मी या फंदात पडू दिलं नाही. फळ्याऐवजी स्क्रीनवर गणितं सोडवणाऱ्या शिकवणीच्या बाईंना किंवा घराचा नकाशा गिऱ्हाइकासमोर दुरुस्त करणाऱ्याला मात्र डोळे झाकून ‘घ्या’ म्हणेन.

सॉफ्टवेअरची तयारी दुकानात जाण्याआधी संपवा, कारण सीमाभागातल्या माणसाचा घोळ इथंच होतो. आपल्या जुन्या फायली कशात आहेत ते तपासा. कन्नड मजकूर जुन्या ‘नुडी’च्या फॉन्टात आणि मराठी ‘श्रीलिपी’त असेल तर तो युनिकोड (म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरं) नाही, फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. श्रीलिपीची जुनी प्रत असेल तर तिला युएसबीचं डाँगल, म्हणजे प्रोग्राम उघडणारी छोटी किल्ली, लागतं, आणि पातळ कन्व्हर्टिबलला बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी नुसते टाइप-सी पोर्ट असतात. दुकानदार थंडरबोल्ट 4 आणि 40 गिगाबिटचा वेग सांगत राहील. ऐकून घ्या आणि सोडून द्या. आपलं काम एका साध्या चौकोनी युएसबीवर अडतं. ते नसेल तर हबचे पैसे हिशेबात धरा, आणि तो हब पिशवीत कायम राहील का, हेही स्वतःला विचारा.

याहून मोठी अडचण प्रोसेसरची. स्नॅपड्रॅगनवर चालणारी नवी यंत्रं बॅटरीला जबर आणि थंड राहणारी असतात, पण त्यांची जात एआरएमची, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी. नेहमीचे बरेच प्रोग्राम त्यांच्यावर भाषांतरासारखे चालवून घेता येतात. ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारा प्रोग्राम, मात्र त्याच जातीचा असावा लागतो. दहा वर्षांपूर्वीचा प्रिंटर, जुना स्कॅनर किंवा डाँगल यांचा एआरएम ड्रायव्हर कंपनीनं काढलाच नसेल तर ते यंत्र तुमच्यासाठी मेलं. टेबलावरच्या प्रत्येक वस्तूचं मॉडेल वहीत लिहून काढा आणि ड्रायव्हर आधी शोधा. शोधायचा कंटाळा असेल तर सरळ इंटेल किंवा एएमडी घ्या. मी तेच केलं.

टायपिंगची काळजी नको. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहेत आणि दोन्हींत अक्षरांच्या जागा सारख्याच. ज्या कळीवर मराठीचा क, तिथंच कन्नडचा. एका भाषेत बोटं बसली की दुसरी जवळजवळ फुकट. फक्त कळांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवू नका. यंत्र मागे वळवून ठेवलं की कळा टेबलावर घासतात, स्टिकरांच्या कडा उचकटतात आणि मिटल्यावर त्यांचा डिंक काचेला लागतो.

आता स्क्रीन. सेंटिमीटरची पट्टी सोबत न्या, लाजू नका. 14 इंची, 16:10 प्रमाणातली स्क्रीन उभी धरली तर साधारण 188 मिलिमीटर रुंद आणि 301 उंच भरते. ए-फोर कागद 210 बाय 297. म्हणजे अख्खं पान जवळजवळ मूळ आकारात एका नजरेत येतं, आणि कन्व्हर्टिबलचं मला पटलेलं सगळ्यात मोठं सुख हेच. जुन्या 16:9 च्या स्क्रीनवर तेच पान चिंचोळं होतं. 3:2 मिळाली तर आणखी छान. दस्त मात्र लांब कागदावर असतात, त्यांना कुठल्याही स्क्रीनवर थोडं सरकवावंच लागतं.

ओएलईडीची चमक बघून भुलू नका, असं म्हणणार होतो. पण मीही भुललो. काळं खरोखर काळं दिसतं, जोडाक्षरं रेखीव येतात. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे दिवसभर पांढऱ्या पानावर काम करणाऱ्याची बॅटरी सिनेमा बघणाऱ्यापेक्षा लवकर उतरते. आणि खालची पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली तर तिचा डाग उमटू शकतो. ती लपून राहील अशी सोय पहिल्याच दिवशी करा. त्यातून काच चकचकीत. 400 निट्सचा उजेड ऑफिसात भरपूर होतो, पण अंगणात बसलात तर कागदाच्या जागी स्वतःचंच तोंड दिसतं. शक्य असेल तर दुकानदाराला सांगून यंत्र दारापर्यंत आणा आणि उजेडाकडे पाठ करून बघा.

दुकानात पंधरा मिनिटं हातात घेतल्याशिवाय निर्णय करू नका. मला खडे बाजारातल्या एका पोरानं मोठ्या उत्साहानं स्क्रीन गर्रकन फिरवून दाखवली. “सर, बघा, पूर्ण उलटं होतंय की!” मी म्हटलं, “होतंय खरं. आता असंच डाव्या हातात धरून दहा मिनिटं उभा राहा बघू.” चौथ्या मिनिटाला त्यानं ते टेबलावर ठेवलं. 14 इंची कन्व्हर्टिबल साधारण 1.3 ते 1.6 किलोचं असतं. मांडीवरचा लॅपटॉप म्हणून ते हलकं, पण हातातली पाटी म्हणून जड. शिवाय पाठीमागे बोटांना कळा लागत राहतात. त्या बंद झालेल्या असतात, तरी मन बिचकतं. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोसारखं कीबोर्ड सुटा होणारं यंत्र 900 ग्रॅमच्या आसपास, हातात बरं. पण त्याला मागे टेकू लागतो, आणि पडवीत चटईवर मांडी घालून बसणाऱ्याला तो टेकू टेकवायला जागाच उरत नाही. गावोगाव फिरणाऱ्यानं घरीच मांडी घालून, मांडीवर पाट ठेवून सराव करून बघावा.

बिजागरीची परीक्षा अशी : नेहमीसारखं उघडून स्क्रीनला बोटानं टिचकी मारा, किती वेळ डुलते ते बघा. मग पेनानं तिरपी रेघ हळू ओढा. रेघ नागमोडी आली तर पेन आणि काच यांचं जमत नाही. मनगट काचेवर टेकवून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ लिहा, मनगटाच्या खुणा उमटायला नकोत. पेन डब्यात येतं का वेगळं घ्यावं लागतं, आणि त्याला सेल लागतो की चार्ज होतं, हे विचारा. काही पेनांना एएएएचा बारीक सेल लागतो आणि तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत नाही.

मेमरीबद्दल एकच : यात ती बहुतेक बोर्डावरच पक्की बसवलेली असते, इंटेलच्या कोअर अल्ट्रा 200व्ही मालिकेत तर प्रोसेसरच्याच पुड्यात, 16 किंवा 32 जीबी. नंतर वाढवता येत नाही. आज 16 पुरतात असं वाटलं आणि यंत्र सहासात वर्षं वापरायचं असलं तर 32 घ्या. साठवणीचा एसएसडी बऱ्याच यंत्रांत बदलता येतो, तिथं काटकसर चालेल.

दुरुस्तीचा विषय माझ्या जिव्हारी लागलेला आहे. माझं पहिलं कन्व्हर्टिबल चौदा महिन्यांत बिजागरीपाशी करकरायला लागलं. स्क्रीन मागे वळवून उभं करताना कळा खाली चटईकडे, आणि चटईवर आमची जांभी लाल माती. बहुतेक तीच आत गेली असावी. कंपनीचं नाव घेत नाही. पण ‘घरी येऊन दुरुस्ती’ हे शब्द बिलावर असूनही माणूस आला तो अकराव्या दिवशी, आणि त्यानं यंत्र उघडून बघून पुन्हा मिटलं. भाग बाहेरून यायला आणखी तीन आठवडे. त्या काळात मी जुन्या लॅपटॉपवर रेटलं, म्हणून निभावलं. आता मी आधी पिनकोड टाकून बघतो. बेळगाव शहराचे पिनकोड 590 नं सुरू होतात, तालुक्याचे 591 नं. शहराला मिळणारी घरपोच सेवा खानापूरच्या 591302 ला मिळेलच असं धरू नका, कंपनीकडून लेखी घ्या. पडझडीचा विमा बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो. कन्व्हर्टिबलला तो घ्याच, कारण यात काच, टच आणि स्क्रीन एकजीव असते. तडा गेला की अख्खा वरचा भाग बदलावा लागतो.

कोल्हापूरला थोडं स्वस्त पडेल म्हणून जाणारे आमच्याकडे बरेच. घरच्या वापराला कराचा फरक नाही, दोन्हीकडे जीएसटी 18 टक्केच. पण तुमचा व्यवसाय कर्नाटकात नोंदलेला असेल आणि कोल्हापूरच्या दुकानदारानं महाराष्ट्राचे सीजीएसटी-एसजीएसटी लावून बिल हातात दिलं, तर त्या कराची वजावट इकडे मिळत नाही. आपला जीएसटी नंबर घालून आयजीएसटीचं (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरच्या कराचं) बिल मिळेल का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. नाहीतर वाचवलेले दोन-तीन हजार वाटेतच संपतात, निपाणीचा चहा वेगळा.

करंट जाण्याची तयारी सोपी आहे. टाइप-सी चार्जिंग असेल तर पॉवर बँकेवर काम भागतं, पण फोनची पॉवर बँक चालत नाही. 45 वॉट किंवा त्याहून जास्त देणारी लागते. 20,000 मिलिअँपिअर-तासांची असली तरी आत 74 वॉट-तासच असतात आणि वाटेत थोडे गळतात, म्हणजे साधारण एक भरणं. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला जाणार असाल तर पिशवीला पावसाचं वरचं कव्हर, आत प्लॅस्टिकची जाड पिशवी, आणि एक जाड सुती रुमाल. रुमाल पुसायला नाही, खाली अंथरायला : यंत्र कळा खाली करून उभं करताना टेबलावर साखरेचे दाणे किंवा चहाचा ओघळ असतोच.

जाता जाता एक गंमत. लेनोव्होची पहिली योगा, म्हणजे असाच उलटा होणारा लॅपटॉप, बाजारात आली ऑक्टोबर 2012 मध्ये, विंडोज 8 सोबत; त्याच महिन्यात आमच्याकडे सुवर्ण विधानसौधचं, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीचं, उद्घाटन झालं. तिथं अधिवेशन भरलेलं असतं त्या दिवसांत खरेदीला शहरात येऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात, परत करायची मुदत आहे तोवर, आपला प्रिंटर, स्कॅनर, डाँगल सगळं जोडून बघा. पांढरं आणि काळं पान पूर्ण स्क्रीनवर उघडून मेलेले ठिपके शोधा. बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावून टाका, कारण टेबलावरचं यंत्र दिवसभर चार्जरलाच असतं. आणि पेनाला दोरी बांधा. चुंबकानं कडेला चिकटतं म्हणून विश्वास टाकू नका. माझं पहिलं पेन खानापूरच्या बसमध्ये शेवटच्या सीटखाली राहिलं, आणि नवं यायला सतरा दिवस लागले.