जुना कोट: निवडावा कसा, अंगावर बसवावा कसा

ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर येतो. धुकं पडलं तर दुपारीही ऊन दिसत नाही. त्यामुळे इथल्या मराठी घरांत चांगले लोकरी कोट शिवले गेले आणि डांबरगोळ्या घालून जपलेही गेले. तसं कापड आणि तशी हातशिलाई आज नव्याने करून घ्यायची तर खिसा चांगलाच हलका होतो. म्हणून जुना कोट शोधणं सगळ्या अर्थांनी शहाणपणाचं आहे. फक्त तो अंगावर बसला पाहिजे, आणि त्यासाठी आधी खांदा बघायचा. रंग, कापड, किंमत सगळं त्यानंतर.

१. घरचं माप आधी लिहून ठेवा

तुमच्याकडे नीट बसणारा एखादा कोट असेल तर तो बटणं लावून पलंगावर सपाट पसरा. मागून एका खांद्याच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत आणि कॉलरच्या खालून तळापर्यंत अशी चार मापं घ्या. कोट नसेल तर अंगाची छाती मोजा आणि त्यात तीन-चार इंच मिळवा. छाती ३८ असेल तर कोट ४१-४२चा हवा, म्हणजे सपाट पसरल्यावर काखेपासून काखेपर्यंत साधारण २०.५ ते २१ इंच. हे आकडे मोबाइलमध्ये ठेवा आणि टेप खिशात. आत शिवलेल्या नंबरावर विसंबू नका; दर कारखान्याचा ४० वेगळा असतो आणि लोकर धुण्यात आटलेली असू शकते.

२. शोध घरापासून सुरू करा

आत्याकडे, मामांकडे, आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत आधी बघा. दिवाळीच्या साफसफाईत कोट बोहारणीकडे जाऊन बदल्यात स्टीलचा डबा घरात येतो, त्याच्या आधी विचारा. घरातल्या मोठ्यांना कोट मागताना "टाकायचाय का" असं म्हणू नका, "मी वापरू का" म्हणा. ज्याने तो शिवून घेतला त्याची आठवण त्यात असते, आणि घालणारा मिळाला की बहुतेकांना मनापासून आनंद होतो.

त्यानंतर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या टेलरांकडे चौकशी करा. शिवायला टाकून कुणी न्यायलाच आलं नाही असे कोट त्यांच्याकडे पडून असतात. थंडीत पदपथावर लागणाऱ्या जुन्या कपड्यांच्या ढिगांतही चांगला माल निघतो, पण तिथे धीर लागतो. इंटरनेटवरून घेत असाल तर विक्रेत्याकडून वरची चारही मापं मागून घ्या. तो देत नसेल तर सोडून द्या.

३. वय ओळखा

आतल्या खिशाजवळचं टेलरचं लेबल वाचा. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर ते १९७२ नंतरचं, कारण पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. लोकरीच्या लडीसारखं वूलमार्कचं (शुद्ध लोकरीचं) चिन्ह असेल तर १९६४ नंतरचं. ग्वाल्हेर सूटिंगची पट्टी सापडली तर जरा थांबून बघा. बिर्लांची ग्वाल्हेर रेयॉन कंपनी १९४७ची, आणि ते कापड याच गावाच्या नावाने देशभर विकलं गेलं. तसा कोट ग्वाल्हेरात राहावा असं मला फार वाटतं.

कापडाची खात्री करायची असेल, आणि कोट तुमचा झाला असेल, तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळून बघा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. टेरिलिनचा, म्हणजे पॉलिएस्टरचा, कडक मणी होतो. टेरिवूलमध्ये दोन्ही सापडतं, त्यात कमीपणा काही नाही. ते टिकतं आणि फारसं चुरगळत नाही.

४. उजेडात धरा

कोट खिडकीसमोर धरला की कसरीची भोकं लगेच दिसतात. एक-दोन असतील तर रफू होईल, चाळण झाली असेल तर नको. काखेचं अस्तर, कॉलरची घडी आणि बाहीची कड बोटांनी चाचपा. अस्तर फाटलं असेल तर घाबरू नका, ते बदलता येतं. कापडच झिजून पातळ झालं असेल तर त्याला इलाज नाही.

मग खालच्या काजाच्या जरा खाली वरचं कापड आणि आतलं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलगद वेगळं करा. मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना जाणवला तर आत शिवलेलं कॅनव्हास आहे. असा कोट वापरत गेलात की छातीवर हळूहळू अंगाचा आकार घेतो. तिसरा थर वरच्या कापडाला चिकटलेलाच लागला तर ते डिंकाने चिकटवलेलं आहे; अशा कोटावर ड्रायक्लीननंतर फोड येऊ शकतात.

५. अंगात घाला

खाली शर्ट असू द्या. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. भिंतीकडे कूस करून उभे राहा: दंड टेकण्याआधी खांद्याचं पॅडिंग टेकलं तर कोट मोठा आहे. मानेमागे कॉलर आणि शर्ट यांत फट नको. मधलं बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर घट्ट होतोय. हात वर करून बघा. जुन्या कोटांचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, बऱ्याचदा उंच आणि नेटका असतो. सुरुवातीला आवळल्यासारखं वाटेल, पण हात उचलला तरी अख्खा कोट वर येत नाही. बंद गळ्याचा कोट असेल तर हुक लावून गळ्यात एक बोट सहज जायला हवं. गळा आवळत असेल तर बाकी सगळं जमलं तरी घेऊ नका.

६. मास्टरजींकडे न्या, पण नेमकं सांगा

बाही आखूड करणं, कंबर आत घेणं, बटण सरकवणं, अस्तर बदलणं ही सगळी होणारी कामं. सैल करायचं असेल तर आतली माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, बघा; जुने टेलर ती सढळ सोडत. बाही लांबवताना उलगडलेल्या दुमडीची रेघ दिसत राहते, हे आधी मान्य करा. खांदा लहान करणं म्हणजे कोट अर्धा उसवून परत शिवणं. लांबी कमी केली की खिसे खाली लटकल्यासारखे दिसतात. या दोन कामांना हात लावू नका.

रफूसाठी मात्र रफूवालाच शोधा, मशीनची टीप मारून घेऊ नका. माझ्या काकांच्या राखाडी कोटाला छातीवर भोक होतं. रफूवाल्याने बाहीच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे काढले आणि विणीप्रमाणे एक वर, एक खाली असे सुईने भरले. आता बोट फिरवल्यावर जरासा जाडपणा लागतो, डोळ्यांना काही कळत नाही.

७. घालताना

बाही मनगटाच्या हाडापर्यंत आणि शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर. सगळ्यात खालचं बटण उघडं. जुन्या कोटाबरोबर बाकी सगळं साधं ठेवा: गडद जीन्स किंवा एकरंगी पँट, नीट पॉलिश केलेले बूट. ग्वाल्हेरच्या हिवाळी मेळ्यात संध्याकाळी फिरायचं असेल तर आत पातळ स्वेटर चालतो, जाड घालू नका. छातीवर ओढ बसते. सुटातला सुटा कोट जीन्सवर घालायचा असेल तर कापड खरबरीत हवं. चकचकीत, गुळगुळीत कापड तिथे उपरं वाटतं.

घरी आल्यावर कोट रुंद खांद्याच्या हँगरवर रात्रभर मोकळ्या हवेत ठेवा आणि मऊ ब्रशने धूळ झाडा. ड्रायक्लीन हंगामाच्या शेवटी एकदाच पुरे. होळीच्या सुमारास कोट ठेवून देताना तो स्वच्छ असला पाहिजे, कारण कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. सुती कापडाच्या पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून हवा द्या.