माघ-फाल्गुनात बेळगावातून सायकलनं निघताय? या चुका टाळा

संक्रांत होऊन दोन-तीन आठवडे गेले की बेळगावची सकाळ बदलायला लागते. सहा-सव्वासहाला स्वेटर लागतोच, पण दहा वाजता तोच कमरेला बांधावा लागतो. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात मसूर पिकत आलेला असतो आणि खानापूरच्या बाजूला पळस फुलायला लागतो. सायकल घेऊन आसपास हिंडायला वर्षात याहून चांगले दिवस मिळत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. तरी याच दिवसांत थकून, वैतागून परत येणारेही मी दरवर्षी बघते. त्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. निघताना जी हवा आणि जी ताकद आहे, तीच परतताना असेल असं आपण धरून चालतो.

पहिल्याच रविवारी हलशी

ही चूक माझी स्वतःची. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दोन महिने सायकल भिंतीला टेकून होती आणि फेब्रुवारीच्या एका रविवारी मी थेट हलशीला निघाले. बेळगावहून खानापूर, नंदगड करत हलशी म्हणजे एका बाजूला 40 किलोमीटरच्या आसपास. ओढ खरी होती. कदंब राजांच्या या जुन्या राजधानीचं नाव पलाशिका. पळस फुलण्याच्या दिवसांत तिथं जायचं हे माझ्या मनात कितीतरी दिवस होतं. भूवराह नरसिंहाचं देऊळ डोळे भरून बघितलं, पण निघायला बारा वाजले. नंदगड यायच्या आधीच दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या आणि खानापूरच्या अलीकडे पोटऱ्यांत असे गोळे आले की रस्त्याकडेला बसून राहिले. एका घरातल्या आजींनी ताक-मीठ दिलं म्हणून पुढं येता आलं.

तेव्हापासून मी अंतर ठरवून निघत नाही, वेळ ठरवून निघते. साडेनऊला जिथं असेन तिथून तोंड घराकडे. पहिले दोन रविवार जाऊन-येऊन 20-25 किलोमीटर पुरे. किल्ल्यात जा, 1204 सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, निवांत बघा, छताकडे मान वर करून बघायला वेळ ठेवा. मग राकसकोपचा जलाशय, मग राजहंसगड. हलशी चौथ्या-पाचव्या रविवारी, आणि तीही अंधार असतानाच निघून, पुढे-मागे दिवे लावून.

वारा विसरणं

सकाळी पूर्वेला पंत बाळेकुंद्रीकडे निघालात तर हवा शांत असते, रस्ता सोपा वाटतो. मार्च लागला की दिवस चढेल तसा पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि परतताना तो थेट छातीवर येतो. जाताना पाऊण तास लागला म्हणून येताना तेवढाच लागेल असं समजू नका. जमेल तेव्हा आधी पश्चिमेला जा: उचगाव, तुडये, बेळगुंदी. म्हणजे दमलेल्या पायांना परतीला वारा पाठीशी मिळतो. पाणी तहान लागण्याची वाट न बघता प्या. तासाला अर्धा लिटर तरी पोटात जायला हवं, ऊन वाढेल तसं त्याहून जास्त.

ट्यूब बदलली, काटा तसाच

या दिवसांत पंक्चर वाढतात त्याचं कारण सराटे. पावसाळ्यात उगवलेल्या वेलीचे काटे आता वाळून टणक झालेले असतात. ट्रॅक्टरला वाट द्यायला आपण डांबर सोडून कडेच्या मातीत उतरतो तिथंच ते टायरमध्ये घुसतात. बांधावर तोडून टाकलेल्या बाभळीचे काटे वेगळेच.

खरी चूक पंक्चर झाल्यावर होते. घाईघाईनं नवी ट्यूब घालतात, हवा मारतात आणि दोन किलोमीटरवर चाक पुन्हा बसतं. काट्याचं टोक मोडून टायरच्या रबरात अडकलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक कुठं आहे ते बघा, ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरवर मोजा, आणि तिथं आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका, कापेल. फडकं अडकलं की काटा सापडला. तो बाहेरून ढकलून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही. मातीत उतरून वर आलात की लगेच थांबून टायर बघून घ्यायची सवय लावली तर निम्मी पंक्चरं होतच नाहीत.

आणखी एक. महागड्या सायकलींना बारीक, लांब व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो बसत नाही. त्यासाठी पितळेचं छोटं अ‍ॅडॅप्टर मिळतं. ते व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा, घरी ड्रॉवरमध्ये नको.

धुळीवर तेल

चेन करकरते म्हणून वरून तेल ओततात. खानापूर-जांबोटीकडची तांबडी धूळ त्या तेलात मिसळली की खरकागदासारखं काम करते, चेन आणि दाते दोन्ही झिजतात. आधी कोरड्या फडक्यानं चेन पुसा, मग प्रत्येक दुव्यावर एकेक थेंब, दहा मिनिटं थांबा आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाका. तेल आत राहायला हवं, बाहेर नाही. खोबरेल तेल आणि गाडीचं जुनं काळं ऑइल अजिबात नको.

राजहंसगडाच्या चढावर चेन पडते अशी तक्रार असते. गिअर चढ लागल्यावर, पेडलवर सगळा जोर देऊन बदलला तर पडणारच. चढ समोर दिसला की आधीच हलका गिअर घ्या. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत घासून ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणावर पकड कमी पडते.

उसाच्या ट्रॉलीमागे

संकेश्वर, हुक्केरी, गोकाककडच्या रस्त्यांवर गळीत हंगाम संपेपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. वारा अडतो म्हणून त्यांच्या मागोमाग जाणारी पोरं मी बघितली आहेत. कृपा करून असं करू नका. मागची ट्रॉली हेलकावते, ऊस बाजूला बाहेर आलेला असतो, आणि मोठ्यानं गाणी लावलेल्या चालकाला तुमची घंटा ऐकू जात नाही. थांबा, त्याला जाऊ द्या.

धबधब्यांसाठी हे दिवस नाहीत, हेही सांगून ठेवते. गोकाकचा 52 मीटरचा कडा मार्चमध्ये बहुधा कोरडाच असतो. लांबून सायकल मारून गेलात तर वाईट वाटेल. तो पावसाळ्यासाठी ठेवा.

कणकुंबीच्या रस्त्यावर उशीर

जांबोटीच्या पुढं रान दाट होतं. भीमगड 2011 साली अभयारण्य झालं. त्या परिसरात गवे आणि अस्वलं आहेत, आणि ओढे आटायला लागले की जनावरं पाण्यासाठी जास्त फिरतात. उजाडल्याशिवाय जांबोटी सोडू नका, संध्याकाळी तिकडं थांबू नका आणि रानातल्या पायवाटेवर परवानगीशिवाय सायकल घालू नका. समोर गवा दिसला तर घंटा वाजवायची नाही. थांबायचं, त्याला रस्ता ओलांडू द्यायचा.

पूर्वेला बैलहोंगलच्या बाजूला गेलात तर दोन वाक्यं कन्नडमध्ये पाठ ठेवा. 'अण्णा, ई दारी यल्लिगे होगतैती?' (दादा, ही वाट कुठं जाते?) आणि 'नीर कोडरी' (पाणी द्या). मोबाइलच्या नकाशात शेतातली वाट आणि रस्ता सारखेच दिसतात. बांधावरचा माणूस मात्र ट्रॅक्टरनं वाट उखणली आहे की नाही तेही सांगतो, आणि बाटली भरून देतो.